उंबऱ्याला भिडलेली बाग

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक कासार बायको आणि दोन वर्षांच्या लेकीसह राहत असे. बांगड्या भरायला तो लांबच्या राजवाड्यात जाई. तिथली बाग त्याच्या डोळ्यांत भरली. नवं घर बांधलं तेव्हा त्याने ठरवलं, बाग करायची तर राजवाड्यासारखीच.

त्या गावाची रीत अशी की झाडं कुंपणाशी लावायची. घर आणि झाडं यांच्यामध्ये वीस पावलं उघडं अंगण ठेवायचं. ते रोज झाडायचं, शेणाने सारवायचं. कासाराला ती रीत गावंढळ वाटे.

त्याने म्हाताऱ्या माळणीला बोलावलं. "मावशी, फाटकापासून पायरीपर्यंत हिरवंगार पाहिजे. मधून वळणाची वाट. दोन्ही बाजूंना दगडांच्या राशी."

"राजवाड्यात पहारेकरी किती?" माळणीने विचारलं.

"असतील पन्नास."

"आणि तुझ्या दारात?"

कासार हसला. "तू झाडं लाव मावशी. पहाऱ्याचं मी बघतो."

"पाऊल पडायची जागा डोळ्याला दिसावी, एवढंच माझं म्हणणं." माळीण कामाला लागली.

कासारणीने दाराआडून सगळं ऐकलं. तिने दाराशी एक काठी आणून ठेवली.

दोन वर्षांत बाग माजली. वाट पानांखाली बुजली. लोक बघायला येत, वाहवा करून जात. कासारीण मात्र काठी आपटल्याशिवाय पायरी उतरत नसे. कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी झाली. एके सकाळी पायरीजवळच्या दगडांत तिला सापाची कात दिसली. मनगटाएवढी जाड. तिने ती काठीवर उचलून नवऱ्यापुढे धरली.

"कातेला काय भ्यायचं?" कासार म्हणाला. "टाकून गेला तो."

"गेला नाही. वाढला."

कासाराने कात निरखली. मग म्हणाला, "पुढच्या सोमवारी देशमुख बाग बघायला येणार आहेत. ते येऊन जाऊ देत. मग पायरीजवळचं कापू."

सोमवारपर्यंत आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत कासारणीने लेकीला कडेवरून उतरवलं नाही.

सोमवारी पाहुण्यांचं करायचं, म्हणून तिने पोरीला समोरच्या घरी ठेवलं. ऊन कलल्यावर देशमुख आणि गावचे पाटील ओट्यावर बसले. कासार त्यांना झाडांची नावं सांगत होता. कासारीण पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तोच फाटक वाजलं.

"आई!" पोर वाटेवरून धावत निघाली होती.

आणि पानांतून आवाज आला. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. लांब, न थांबणारा.

"ठकू, उभी राहा! हलू नकोस!" कासारीण ओरडली.

पोर थिजली. तिच्या गुडघ्यापर्यंत पानं होती. घोणस फुत्कारत होती, पण कुठे, ते दिसत नव्हतं. पाटलांनी पाय वर घेतले. देशमुख भिंतीला चिकटले. काठी घेऊन मारावं कुठे? नेम चुकला तर ती पोरीकडेच वळायची.

"आई, उचल ना गं," पोर रडवेली झाली. तिचं एक पाऊल हललं.

कासारणीने ताट टाकलं. पण तिच्या आधी कासार उतरला होता. अनवाणी. पाय मुद्दाम आपटत, आवाज आपल्याकडे ओढत तो गेला. त्याने पोरीला उचलून ओट्याकडे भिरकावलं. आईने तिला झेललं. मग कासार खाली बसला. त्याच्या घोट्यावर रक्ताचे दोन ठिपके होते.

वैद्याने आशा सोडली होती. चाळीस दिवस कासारणीला घास गोड लागला नाही. कासार जगला. पण तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. राजवाड्याची वाट कायमची बंद झाली.

कासार अंथरुणावर असतानाच देशमुखांचा माणूस आला होता. "धनी विचारतात, बाग तशीच आमच्या वाड्यापुढे करायची आहे. कुठे काय लावलं होतं, सांगता का?"

"सांगतो," कासार म्हणाला. "धन्याला म्हणावं, आधी दारात बसून बघा, तिथून कोणाची पावलं जातात. झाडांची नावं मग विचारा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी शोभलं ते आपल्या दारी करू नये; घर ज्यांचं, त्यांचा जीव आधी, शोभा नंतर.