शिंपिणीच्या पिल्लाची झोप

चर्चच्या अंगणात बदामाचं झाड. झाडाला मोठं पान. पानाला टाके घालून शिवलेलं इवलंसं घर. त्या घरात राहायची शिंपीण. अंगठ्याएवढं चिमणं पाखरू. तिला एकच पिल्लू.

एका दुपारी पिल्लाची झोप हरवली. वीज गेली आणि चर्चमागे जनरेटर लागला. घर्र घर्र घर्र! काळा काळा धूर आला. पिल्लू खोकलं. खुक् खुक्!

“आई, झोप येत नाही गं.”

शिंपीण उडाली. भुर्र भुर्र! गेली जनरेटरकडे.

“जनरेटरदादा, जनरेटरदादा, थांब ना रे!
पिल्लू झोपत नाही!”

“मी नाही थांबत जा! चर्चमधले पंखे कोण फिरवणार? पाटीला सांग वीज द्यायला.”

अंगणात होती सोलरची नवी पाटी. उन्हाची वीज करणारी. पण सावलीत टेकून ठेवलेली. शिंपीण गेली, भुर्र भुर्र!

“पाटीताई, पाटीताई, वीज दे ना गं!
जनरेटर थांबत नाही,
पिल्लू झोपत नाही!”

“मी नाही देत जा! ऊन तिकडे, वर कौलांवर. शिडीला सांग उभी राहायला.”

शिडी गवतात लोळत होती. भुर्र भुर्र!

“शिडीबाई, शिडीबाई, उभी राहा ना गं!
पाटी वीज देत नाही,
जनरेटर थांबत नाही,
पिल्लू झोपत नाही!”

“मी नाही राहत जा! इनासमामाला सांग मला धरायला.”

इनासमामा चर्चचा सुतार. केळीखाली पाय पसरून बसला होता. भुर्र भुर्र!

“इनासमामा, इनासमामा, ये ना रे!
शिडी उभी राहत नाही,
पाटी वीज देत नाही,
जनरेटर थांबत नाही,
पिल्लू झोपत नाही!”

“मी नाही येत जा! घंटा वाजली की माझं काम सुरू. घंटेला सांग.”

भुर्र भुर्र! शिंपीण आता दमली.

“घंटाबाई, घंटाबाई, वाज ना गं!
मामा येत नाही,
शिडी उभी राहत नाही,
पाटी वीज देत नाही,
जनरेटर थांबत नाही,
पिल्लू झोपत नाही!”

“मी नाही वाजत जा! आग्नेसबायला सांग दोर ओढायला.”

घंटा वाजवणारी आग्नेसबाय खाली पायरीवर बसली होती. मांडीवर बाळ. बाळ रडत होतं. ट्यांहा ट्यांहा! शिंपीण दोरावर टेकली.

“आग्नेसबाय, आग्नेसबाय, दोर ओढ ना गं!
घंटा वाजत नाही,
मामा येत नाही,
शिडी उभी राहत नाही,
पाटी वीज देत नाही,
जनरेटर थांबत नाही,
पिल्लू झोपत नाही!”

“कशी ओढू, बाय? या घर्र घर्रने माझं बाळ झोपत नाही.”

तेवढ्यात झाडावरून आवाज आला. खुक् खुक्!

आग्नेसबायने वर पाहिलं.

“अगोबाई! तुझंही पिल्लू जागंच?”

तिने बाळाला कडेवर घेतलं. एका हाताने दोर धरला. ओढला. टण् टण् टण्!

घंटा वाजली. इनासमामा धावत आला.

“देवाच्या घरी धूर कशाला? देवाने ऊन दिलंय की!”

मामाने शिडी धरली. शिडी उभी राहिली. पाटी कौलांवर चढली. ऊन प्यायली, गट् गट् गट्! पाटीने वीज दिली. पंखे आता उन्हावर फिरले, भिर् भिर् भिर्!

जनरेटर म्हणाला, “मग मी निजू?”

घर्र... घर्... घ.

धूर गेला. पान हललं, झुलू झुलू. बाळाने आईच्या खांद्यावर मान टाकली. पिल्लाने आईच्या पंखात चोच खुपसली.

श्शू! हळू बोला हं.

दोन्ही पिल्लं झोपलीत.