टिचकूचा शंख आणि बगळीची नळी

खाडीच्या तोंडाशी एक बेट. बेटावर एक खडक. खडकाखाली एक खळगा. खळग्यात राहायचा टिचकू.

टिचकू म्हणजे खेकडा. एवढासा. बोराएवढा. पाठीवर शंख, शंखात घर. जाईल तिथे घर सोबत.

पण टिचकू वाढला. शंख काही वाढला नाही. बसलं की पोट दुखे. निजलं की पाय बाहेर.

मग आईने नवा शंख शोधला. पांढरा पांढरा, वर तपकिरी रेघ. खडकापलीकडून आईने हाक मारली, "टिचकू, लवकर ये. मी शंख धरून ठेवते. भरती आली की मोठी लाट येईल, नि शंख घेऊन जाईल."

टिचकू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु.

वाटेत शिंपल्यांचा ढीग. टिचकू ढिगावर चढला. पण तो ढीग नव्हताच. ती होती शिंपल्या वेचायला आलेल्या गोदूमावशीची टोपली.

टोपली उचलली, हुप्प. होडीत ठेवली, थप्प. होडी निघाली, टुक टुक टुक. धक्क्यापाशी आली, टुक… टुक… फुस्स.

झालं. टिचकू इकडे, आई तिकडे. मधे केवढं मोठं पाणी.

टिचकू टोपलीतून उतरला. तिरका तिरका, तुरु तुरु, होडीच्या टोकाशी गेला. होडीचं नाव बगळी. बगळीला उंच पांढरं शीड.

"बगळी, बगळी, मला घरी ने. भरती काही थांबेना."

बगळी म्हणाली, "नेलं असतं रे बाळा. पण वारा निजलाय. शीड लुळं पडलंय. इंजिन ढकलेल तर नेईन."

धक्क्याची एक पायरी बुडाली. बुडुक.

टिचकू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु, इंजिनापाशी गेला.

"इंजिना, इंजिना, होडीला ढकल. होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना."

इंजिन म्हणालं, "ढकललं असतं रे बाळा. पण अंग भाजतंय. डोकं भणभणतंय. पाणी मला गार करेल तर ढकलीन."

आणखी एक पायरी बुडाली. बुडुक.

टिचकू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु, होडीच्या काठाशी गेला. खाली वाकला.

"पाण्या, पाण्या, इंजिनाला गार कर. इंजिन होडी ढकलेना, होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना."

पाणी म्हणालं, "गार केलं असतं रे बाळा. पण मी इथे खाली, इंजिन तिथे वर. नळी मला पोचवेल तर गार करीन."

थोडी थांब ना, असं टिचकूने भरतीलाही सांगून पाहिलं. भरती म्हणजे पाणीच ना शेवटी. पाणी बिचारं ओशाळलं. म्हणालं, ते काही माझ्या हातात नाही.

बुडुक. आणखी एक पायरी.

टिचकू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु, नळीपाशी गेला. नळी होती जुनी, काळपट, कडक झालेली.

"नळीबाई, नळीबाई, पाण्याला पोचव. पाणी इंजिन गार करेना, इंजिन होडी ढकलेना, होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना."

नळी म्हणाली, "पोचवलं असतं रे बाळा. पण मी म्हातारी झाले. पोटाला ही मोठी भेग पडली. खोटं वाटतं तर आत येऊन बघ."

टिचकू भेगेतून आत गेला. शंखासकट. शंख नळीत छान बसला. खुळखुळला नाही, अडकला नाही. नळी खरंच बोलत होती. आतून सगळी तडकली होती.

नळी म्हणाली, "मावशी मला बदलेल तर पाणी पोचेल. मी नाही पोचवणार हं. नवी पोचवेल. मी आता निजणार."

बुडुक.

टिचकू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु, गोदूमावशीपाशी गेला. मावशी धक्क्यावर शिंपल्या निवडत बसली होती.

"मावशी, मावशी, नळी बदल. नळी पाणी पोचवेना, पाणी इंजिन गार करेना, इंजिन होडी ढकलेना, होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना."

मावशीने टिचकूकडे पाहिलं. टोपलीकडे पाहिलं. परत टिचकूकडे पाहिलं. तू माझ्याच टोपलीतून आलास का रे, असं हळूच विचारलं. टिचकूने मान हलवली. मावशीचा चेहरा एवढासा झाला.

ती म्हणाली, "बदलली असती रे बाळा. पण नवी कुठाय? दुकानातले चाचा कापून देतील तर बदलीन. चल, आपण दोघं जाऊ."

या वेळी टिचकू चालला नाही. मावशीच्या तळहातावर बसला. मावशी निघाली, भरभर, सरसर.

धक्क्याला लागून इस्माइलचाचांचं दुकान. दुकानात होडीचं सगळं सामान. दोर, खिळे, रंग, पंखे. आणि नळ्या? नळ्यांची तर वेटोळीच वेटोळी. जाड नळी, बारीक नळी, हिरवी नळी, काळी नळी.

"चाचा, चाचा, नळी कापा. मावशी नळी बदलेना, नळी पाणी पोचवेना, पाणी इंजिन गार करेना, इंजिन होडी ढकलेना, होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना."

चाचा म्हणाले, "कापली असती रे बाळा. पण कुठली कापू? कुणी माप देईल तर कापीन." मग त्यांनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं. "गोदूताई, जुनी नळी आणलीत ना दाखवायला?"

मावशी छताकडे बघू लागली.

"होडीतच राहिली, चाचा."

"मागच्या खेपेलाही होडीतच राहिली होती."

मावशीने विषय बदलला. हिरवी नळी उचलली. हीच द्या, म्हणाली, रंग किती छान आहे. चाचांनी हिरवी नळी वाकवली. चप्प. चपटी झाली. चाचा म्हणाले, ही बागेतली. इंजिन पाणी जोरात ओढतं. ही आत अशीच चपटी होऊन बसेल.

बाहेर पायरी बुडाली. बुडुक.

टिचकूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? चाचा नळी कापेनात, मावशी नळी बदलेना, नळी पाणी पोचवेना, पाणी इंजिन गार करेना, इंजिन होडी ढकलेना, होडी मला घरी नेईना, भरती काही थांबेना.

पुढे कुणीच नव्हतं. होता फक्त टिचकू.

टिचकूला रडू आलं. तो शंखात शिरला. आत जागा कुठली? पोट दुखलं, पाय बाहेर राहिले. आणि तेवढ्यात त्याला आठवलं.

"चाचा, मी जुन्या नळीत जाऊन आलोय. शंखासकट. मीच माप."

चाचा हसले नाहीत. त्यांनी टिचकूला उचललं नि जाड नळीत सोडलं.

खुळ खुळ खुळ खुळ. टिचकू गडगडत पलीकडून बाहेर. "सैल," टिचकू म्हणाला.

मग बारीक नळी. टिचकू शिरला नि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मावशीने हळूच ओढलं. पॉक. "घट्ट," टिचकू म्हणाला.

मग काळी नळी. तिच्या पोटात तारेची वेटोळी. चाचांनी वाकवली. वाकली, पण चपटी नाही झाली. टिचकू आत शिरला. सुळ्ळ. खुळखुळला नाही, अडकला नाही.

"हीच," आतून आवाज आला.

शंख टिचकूला छोटा झाला होता, पण नळीचं माप त्या शंखानेच दिलं. लांबी मावशीने हातावर दाखवली. आणि मग काय?

चाचांनी नळी कापली, कर्र. मावशीने नळी बदलली. दोन टोकांना दोन पट्ट्या, पेच पिळले, किर्र किर्र. नळीने पाणी पोचवलं, सुर्र. पाण्याने इंजिन गार केलं, गार गार. इंजिनाने होडी ढकलली, टुक टुक टुक. होडीच्या मागून पाणी पडू लागलं, पुळुक पुळुक. आणि होडीने टिचकूला घरी नेलं.

भरती थांबली का? नाही थांबली. ती कधीच थांबत नाही.

खडक अर्धा बुडाला होता. आईचे फक्त डोळे दिसत होते. पण दोन्ही नांग्यांत शंख होता. पांढरा पांढरा, वर तपकिरी रेघ.

मावशीने हात पाण्यात धरला. टिचकू उतरला. तिरका तिरका, तुरु तुरु.

जुन्या शंखातून बाहेर, सुळकन. नव्या शंखात आत, सुळकन.

आई म्हणाली, "कसा आहे?"

टिचकू आत जरा चाचपडला. नवं घर जरा परकंच वाटतं आधी. मग त्याने एक पाय लांब केला. मग दुसरा. मग पोट सैल सोडलं.

"खुळखुळत नाही," टिचकू म्हणाला. "अडकत नाही."

जुना शंख रिकामा पडला होता. टिचकूची धाकटी बहीण केव्हाची टपून बसली होती. ती त्यात शिरली. तिच्या शंखात शिरला त्याहून धाकटा भाऊ.

मावशी घरी गेली. हिरवी नळीही तिने आणली होतीच. ती अंगणातल्या अबोलीला पाणी घालायला ठेवली.

आणि खळग्यात टिचकू निजला. पाय आत, पोट आत, सगळा आत.

बाहेर मोठी लाट आली. धप्प.

आता येईना का!