देवीच्या वळणावरचा हॉर्न

“मग दोष कुणाचा, स्वामीजी?”

विश्वंभरचा आवाज चढला होता. मठाची जीप तो चालवीत असे. महिन्यापूर्वी घाटातल्या वळणावर, वाघजाई देवीच्या देवळापुढे, ओटीचे सामान विकणाऱ्या द्रुपदाबाईला त्या जीपची धडक बसली आणि तिचा पाय मोडला. पोलिसांनी त्याला चालकांच्या प्रशिक्षणवर्गात बसवले. वर्ग पुरा करून तो आज परतला होता, आणि स्वामी अच्युताश्रम जीपची किल्ली द्यायला तयार नव्हते.

शिकलेले सारे त्याने धडाधड म्हणून दाखवले. चढणीच्या गाडीला आधी वाट द्यावी. वळणावर पुढच्या गाडीला ओलांडू नये. पुढचे दिसत नसेल तिथे हॉर्न द्यावा. यांतला एकही नियम आपण मोडला नाही, असे त्याचे म्हणणे.

“हॉर्न दिला होता मी. वर्गातल्या साहेबांनीही मान्य केलं. तीच हटली नाही. बहिरी आहे का ती?”

स्वामी उठून अंगणात जीपपाशी गेले.

विश्वंभर तणतणत मागोमाग आला आणि जीपच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. समोर डोंगरावर देवळाचा कळस दिसत होता.

त्या घाटातून जाणारा प्रत्येक चालक देवळाशी हॉर्न वाजवतो. गाडी थांबवीत नाही. तेवढाच त्याचा नमस्कार. तो आवाज कानी पडला की खाली मठातही हात जोडले जातात.

स्वामींनी जीपच्या खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला.

विश्वंभरचा हात आपसूक कपाळाला लागला.

“हटला का नाहीस?”

विश्वंभरने हात खाली घेतला. पाठीला जीपचे लोखंड जवळजवळ टेकत होते.

“त्या दिवशी हॉर्न कुणाला दिलास? तिला, की देवीला?”

“…देवीला.”

“आणि द्रुपदाबाईने काय केलं?”

“…हात जोडले.”

तो पुन्हा उसळला. देवाधर्माच्या मठात राहून आता देवीला नमस्कारही करायचा नाही का, असे त्याने तिखटपणे विचारले.

स्वामींनी जीपच्या दारावर मूठ आपटली.

“किल्ली द्रुपदाबाईच्या उशाशी ठेवली आहे. चालत जा. वाटेत देऊळ लागेल… या खेपेस थांब.”