पाठमोरं उष्टावण

फार वर्षांपूर्वी, खापरवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं आणि पिठाची गिरणी गावात कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. घरोघरी जाती होती आणि जातं बोथट झालं की सारं गाव एका बाईची वाट पाहायचं. तिचं नाव ठमाक्का. ती छिन्नी-हातोडी घेऊन गावोगाव हिंडायची आणि जात्यांना टाकी लावायची, म्हणजे दगड टोचून टोचून पुन्हा खरखरीत करायची. तिने टाकी लावलेलं जातं बारा वर्षं बोथट होत नसे, असं म्हणतात. तिची जीभ तर जन्मात बोथट झाली नाही, असंही म्हणतात.

त्याच गावात पुतळा नावाची एक सून होती. तिचं पहिलं मूल दात येण्याआधीच गेलं होतं. दुसरी गजरा. गजरा सहा महिन्यांची झाली आणि पुतळाला तापाने गाठलं. ताप उतरला, पण अंगावरचं दूध आटलं. शेळीचं दूध पोर जेमतेम चार घोट घ्यायची. तिच्या मांड्यांवरची कातडी सैल पडू लागली. पोटात काही घट्ट गेलं नाही, तर ही पोर राहायची नाही, असं वैद्याने तोंडावर सांगितलं.

पुतळाचा नवरा दौलत खडीचा ठेकेदार. शहरात एका साहेबाचं गुबगुबीत मूल त्याने पाहिलं होतं. ते काचेच्या बरण्यांतलं खातं, असं कळल्यावर त्याने गवतात गुंडाळून गाडीभर बरण्या आणल्या. एकीत गाजराचा लगदा, दुसरीत सफरचंदाचा, तिसरीत काहीतरी हिरवं, ज्याचं नाव कुणालाच वाचता आलं नाही. प्रत्येक बरणीवर एका गोऱ्या, हसऱ्या पोराचं चित्र.

गजराने पहिला चमचा थुंकला. दुसरा थुंकला. तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही.

मग जे सुरू झालं त्याने पुतळाचं डोकं फिरायची वेळ आली. मामा चांदीची वाटी घेऊन आला, थुंकी झेलून गेला. आत्याने खुळखुळा वाजवला. शेजारणीने माकडासारख्या उड्या मारून दाखवल्या. दौलत चमचा हवेत फिरवत "ही बघ गाडी आली, गाडी आली" करायचा आणि गाडी दरवेळी मिटलेल्या ओठांवर आपटायची. ते ओठ इतके घट्ट, की त्यांतून मुंगीचा पायसुद्धा आत गेला नसता. पंचक्रोशीतली माणसं ते मिटलेलं तोंड बघायला यायची, असं म्हणतात. आणि प्रत्येकजण जाताना पुतळाला काहीतरी शिकवून जायचा.

"गोड कर जरा."

"गोड कशाला? मीठ घाल."

"तू घाबरतीस, म्हणून ती घाबरती."

पुतळा मान डोलवायची आणि पदराला लागलेला गाजराचा लगदा पुसायची. पोर डोळ्यांदेखत वाळत होती आणि घराला जत्रेची कळा आली होती. एकदा तिने वैतागून अख्खी बरणी ओढ्यात ओतली. माशांनीही तोंड फिरवलं, असं म्हणतात.

"त्या चितरातल्या पोरालाच घाल म्हणावं ते," सासू बयजाबाई म्हणाली. पण तिचाही जीव टांगणीला लागला होता. पहिलं नातवंड नजरेने गेलं, अशी तिची खात्री होती. त्या वेळी एकटी पुतळाच भिंतीकडे तोंड करून जेवायची; म्हणून गजरा जन्मली त्याच दिवशी तिने सगळ्यांनाच नियम घातला होता: पोरीसमोर कुणी घास तोंडात घालायचा नाही. माणसं खायची ती आत, दार लावून. पाहुण्यांना चहासुद्धा ओसरीवर. पुतळा तर सहा महिने भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

एके दिवशी भर दुपारी गल्लीत आरोळी आली, "जात्याला टाकीऽऽ!"

ठमाक्का पुतळाच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, जात्यापाशी बसली. शेजारी गोधडीवर गजरा पडली होती. छिन्नी दगडावर पडू लागली आणि तिचा नाद सात गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. गजराने कितीतरी दिवसांनी मान वळवली.

काम झालं. पहिली मूठ दळून फेकून दिली, कारण तिच्यात दगडाची कच असते. मग पुतळाने नाचणी दळली आणि भाकरी थापली. आता ठमाक्काचा एक नियम होता, तो तिने कुठल्याच गावात मोडला नव्हता. टाकी लावलेल्या जात्याचं पीठ तिथंच, त्या जात्याशेजारी बसून, सगळ्यांसमोर खायचं. दाताखाली कच लागली तर काम पुन्हा करायचं.

तिने भाकरी मोडली, तशी बयजाबाई धावली.

"अगं ए, आत जा! पोरीसमोर खायाचं न्हाई आमच्यात."

"आन् मी जात्याम्होरनं उठायचं न्हाई आमच्यात."

"नजर लागती!"

"कुणाची? माझी?" ठमाक्काने गजराकडे पाहिलं. "ह्या काडीला? ही खाती तरी काय?"

"काईच न्हाई, आक्का," पुतळा म्हणाली आणि तिचा बांध फुटला. बरण्या, चमचे, खुळखुळे, माकडं, सगळं तिने एका दमात सांगितलं. ऐकता ऐकता ठमाक्काचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला.

"म्हंजी हिनं जल्मात कुणाला खाताना बघितलं न्हाई?"

"न्हाई," पुतळा म्हणाली.

"आरं, मग हिला काय ठावं, त्वांड कशासाठी असतंय ते? उठसूट येऊन कुणीतरी थंडगार चिखल तोंडावर मारतंय, एवढंच हिला ठावं! मी आसती तर मीबी थुकली आसती. चावली आसती!" असं म्हणून तिने सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि गजराकडेही फिरवली. "सरा समदी. आता मला खाऊ द्या. पोटात कावळं वरडत्यात."

ती खाऊ लागली. मचमच करत, बोटं चाटत, मध्येच कांदा फोडत. पुतळा उभी होती. मग एकाएकी ती खाली बसली, ठमाक्काच्या शेजारी, तिच्यासारखीच पाठ करून, सहा महिन्यांत पहिल्यांदा लेकीजवळ जेवायला. बयजाबाईने तिचा दंड धरला.

"आत्याबाई, सोडा," पुतळा म्हणाली. "पहिल्याच्या येळीबी मी भिंतीकडंच बघत हुते. वाचला का त्यो?"

बयजाबाईने दंड सोडला.

पुतळाने दुधात भाकरी कुस्करली आणि स्वतः एक घास घेतला. पोरीकडे वळावं म्हणून तिचा जीव तुटत होता. "वळू नगंस," ठमाक्का पुटपुटली. "दिऊ नगंस. मागू दे." दारात येऊन थबकलेल्या दौलतच्या हातातली बरणी तशीच राहिली. ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं, असं म्हणतात.

आणि पुतळाचा पदर मागून ओढला गेला.

गोधडीवरून सरपटत आलेली गजरा पदराला लोंबकळत होती आणि तिचं तोंड पाखराच्या पिल्लासारखं उघडं होतं. तिने आईच्या वाटीत हात घातला, मूठ तोंडात कोंबली आणि अशी मिटक्या मारत सुटली, की ओढ्याच्या पलीकडच्या काठावर जनावरं वैरण आली समजून दावणीला उभी राहिली. शेवटी ती जात्याच्या कडेला लागलेलं पीठसुद्धा चाटू लागली. त्या कडेवर दोन इवल्या दातांची खूण आजही आहे. शिकलेली माणसं म्हणतात, ती छिन्नीची खूण. मग त्यांनी छिन्नीने तशी करून दाखवावी!

गजरा नव्वद वर्षं जगली. बरण्यांत बयजाबाईने मेतकूट भरलं. ठमाक्का मात्र त्या दिवशी भाकरी संपवून, हात झटकून, "कच न्हाई," एवढंच म्हणून गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

आता खापरवाडीत गिरणी आहे आणि घरोघरी मिक्सर आहे. तरी उष्टावणाच्या दिवशी ते जातं सोप्यात येतं. आई त्यावर मूठभर नाचणी दळते. भाकरी होते. मग सगळं घर बाळाकडे पाठ करून गोल बसतं आणि मचमच करत जेवतं. "खा" म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्याने उठून भांडी घासायची. मान वळवायची नाही, आईने तर नाहीच. कधी घटकाभर वेळ लागतो, कधी अर्धा दिवस. पाठी अवघडतात, म्हातारे कुरकुरतात, घास गार होतात. तरी कुणी वळत नाही.

मग कुणाचा तरी पदर मागून हळूच ओढला जातो.