आग्या मोहोळाच्या शंका

मंगळवारी सकाळी चिंचगडचे राजे रणधवल दाढी करून घेत होते. एक गाल झाला होता, दुसरा व्हायचा होता, तेवढ्यात हेर धापा टाकत आला.

"महाराज! बोरगडच्या राजानं वेशीवरच्या वडाला आग्या मोहोळ टांगलंय! खाली धोंडा घेऊन माणूस बसवलाय! त्यानं धोंडा मारला, की सगळ्या माश्या आपल्यावर!"

"एक? मग आपण दोन टांगा!" राजे गरजले.

मध काढणाऱ्या हौसानं रानातून दोन मोहोळं फांद्यांसकट आणली. ते ऐकून जांभूळगडानंही एक टांगलं. जांभूळगडाचं कोणाशी वैर नव्हतं. पण सगळ्यांकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे बरं दिसेना. महिन्याभरात सात गडांवर अकरा मोहोळं झाली.

मग पंचाईत सुरू झाली. आपल्याच माश्या उठतील या भीतीनं धूर नको म्हणून चुली बंद, आवाज नको म्हणून ढोल बंद. लग्नात सनईवाले नुसते गाल फुगवून बसत. दरबारात सगळे कुजबुजत.

शेवटी राजांनी हौसाला बोलावलं. ओरडायची सोय नव्हती, म्हणून ते कुजबुजत कडाडले, "हौसे, आठ दिवसांत या माश्यांना आपली माणसं ओळखायला शिकव! डंख फक्त शत्रूला! नाही जमलं, तर सासऱ्याला पाठीवर घे आणि गड सोड!"

हौसाचे सासरे ऐंशीचे, गुडघे गेलेले. नवरा गेल्यापासून घरात तिला तेवढंच माणूस.

"सूनबाई, मला इथंच ठेव. तू एकटी जा."

"गप्प बसा, मामंजी. पेज प्या. गार आहे, पण प्या."

आठव्या दिवशी ती दरबारात आली.

"शिकल्या?"

"दोन दिवसांत शिकल्या, महाराज! उरलेले सहा दिवस शंका विचारताहेत. मला उत्तरं येईनात."

"मला विचार!"

"राणीसाहेब बोरगडच्या. त्या आपल्या, की शत्रू?"

या सात गडांची रीतच होती, आपली मुलगी आपल्या गडावर द्यायची नाही. घरोघरी सुना परगडच्या. राणीसाहेबांनी पडद्याआडून डोकं काढलं. "सांगा की! मलाही कळू दे!"

"आपल्या! आपल्याच!" राजे घाईनं म्हणाले.

"आणि त्यांचे भाऊ, बोरगडचे राजे?"

"शत्रू!"

"त्यांच्या घरी तुमच्या धाकट्या बहीणबाई नांदतात."

"ती आपली!"

"आणि त्यांची मुलं?"

राजांनी न केलेल्या बाजूची दाढी खाजवली. ती महिन्याभरात चांगलीच वाढली होती. वस्तऱ्याचा आवाज कोण करणार! "मुलं... अर्धी आपली."

"अर्धा डंख कसा मारायचा, असं माश्या विचारतात."

प्रधानांना खोकला आला. सगळ्यांनी दचकून खिडकीतून मोहोळाकडे पाहिलं.

"शेवटची शंका," हौसा म्हणाली. "जांभूळगडचा धोंडेवाला दुपारी डुलक्या घेतो. उद्या झोपेत त्याच्या हातून धोंडा सुटला, तर ते पाहून बाकीचे सहा धोंडेवाले घाबरून धोंडे मारतील. अकराही मोहोळं उठतील. तेव्हा माश्यांनी हुकूम कोणाला विचारायचा?"

"मला!"

"मी तेच सांगितलं, महाराज. तर म्हणाल्या, काय विचारायचं ते आत्ताच विचारून घेतो. एकदा उठलो, की आम्ही कोणाला विचारत बसत नाही!"

दरबारानं पुन्हा खिडकीतून मोहोळाकडे पाहिलं. मग राजांच्या पोटातून हसू उसळलं. त्यांनी उपरणं तोंडात कोंबलं. डोळ्यांतून पाणी आलं, सिंहासन गदगदू लागलं, पण आवाज म्हणून फुटू दिला नाही!

"उतरव!" उपरणं काढून ते कसेबसे म्हणाले. "दोन्ही उतरव! आणि हवं ते माग!"

"मामंजी गडावरच राहतील. मला डंख लागू नयेत म्हणून पांघरायला एक जाड घोंगडी द्या, आणि बाकी सहा राजांना मोहोळं उतरवा म्हणून एकेक पत्र."

राजांनी घोंगडी दिली, वर सोन्याचं कडं दिलं, पत्रंही लिहिली. त्याच संध्याकाळी हौसानं चिंचगडची दोन्ही मोहोळं रानात नेऊन ठेवली.

सहाही राजांची उत्तरं आली. प्रत्येकानं लिहिलं होतं, आधी दुसऱ्याचं उतरू दे. नऊ मोहोळं अजून उतरवायची राहिली आहेत.