पालथी बादली

“पण माझं चुकलं काय, तेवढं तरी सांगा बाबा.”

अच्युतने हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाबा ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात संडासातली निळी बादली पालथी ठेवलेली होती. ती तिथे मीच आणून आदळली होती. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून जसं घडलं तसंच सांगतो, गोड करून सांगायला मला जमत नाही.

आमचा मठ माळावर. माळ उघडा, पाण्याच्या नावाने बोंब. चार दिवसांनी एक टँकर येतो, सिमेंटच्या टाकीत रिकामा होतो आणि त्या टाकीची राखण माझ्याकडे. अंघोळीला माणशी एक बादली. संडास दोन, सगळ्यांना मिळून. बाबांनासुद्धा वेगळा नाही. ते धुवायची पाळी रोज एकाची आणि ऐंशी वर्षांचे बाबाही त्या पाळीतून सुटत नाहीत.

नियम एकच. आपलं उरकलं की नळाखाली बादली भरायची, मगच कडी काढायची. आत जाणाऱ्याला बादली भरलेली मिळते. कुणी भरली ते त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. दारावर चुन्याने लिहिलंय, अक्षर बाबांचं: ‘मागून येणाऱ्याचे पाणी भरून निघावे.’

अच्युत पाच वर्षांपूर्वी आला. कॉलेजात संस्कृत शिकवायचा, ती नोकरी सोडून आला. ग्रंथ तोंडपाठ. बोलायला बसला की माणसं माना डोलवायची, मीही डोलवली आहे, खोटं कशाला बोलू. पण गडी नाकाने कांदे सोलणारा. कुणाचा धक्का लागला की अंघोळ. संडासाची पाळी असली की दोनदा. मी टोकलं तर मलाच शुचितेवर श्लोक ऐकवायचा. बाबांनी दोनदा समजावलं, त्याने दोनदा हात जोडले, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि नेमकी त्याची पाळी आली ती त्या दिवशी.

नदीकाठच्या एका मठाची गादी दोन वर्षं रिकामी होती. तिथले कारभारी अण्णाराव भोईटे चार माणसं घेऊन जीपने आले होते, अच्युतला न्यायला. सोबत तांब्याची घागर आणलेली, नदीच्या पाण्याने भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली. गादीवर बसणाऱ्याच्या डोक्यावर त्याच्या गुरूने ते पाणी घालायचं, अशी त्यांच्याकडची रीत. मुहूर्त साडेदहाचा. अच्युत पहाटेपासून हवेत होता.

नऊच्या सुमाराला येसूआजी आली. खालच्या वाडीची, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी कामातून गेलेली. दर महिन्याला चढ चढून बाबांच्या पायाला हात लावायला येते. आली ती आधी संडासाकडे गेली. मी मांडवाच्या दोऱ्या बांधत होतो. तिला जाताना पाहिलं आणि विसरलो. ते माझं पाप.

तासाभराने ती बाबांसमोर आली. नेहमी पायावर डोकं ठेवते. त्या दिवशी चार हात लांबूनच वाकली. दोन्ही हात लुगड्यात लपवलेले.

बाबांनी विचारलं, पाय का नाही शिवलीस?

म्हणाली, आज नको.

मग मला दिसलं. पदराचं टोक नव्हतं. वीतभर फाडलेलं.

मी विचारलं तर म्हणाली, दाराच्या खिळ्याला अडकला रे बाबा.

त्या दारात खिळा नाही. ते दार मी बसवलंय.

मी धावत जाऊन पाहिलं. संडास लख्ख. फिनेलचा वास. बादली घासूनपुसून पालथी. नळ फिरवला, तर नुसती हवा. दुसऱ्या संडासातही तेच. टाकीचं झाकण काढलं तर तळाला ओल. रात्री तिथे आठ बादल्या पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता, तोवर ते सगळ्यांना पुरलं असतं. मागे निवडुंगापाशी ताजी उकरलेली माती होती. म्हातारीने काहीतरी पुरलं होतं, नुसत्या हातांनी. काय पुरलं ते मी सांगणार नाही.

तासभर ती आत बसून होती. तिला दिसतं अंधूक, बादली दिसली म्हणून निर्धास्त आत गेली. बाहेर अंगणात परके पुरुष. हाक कुणाला मारणार?

मी बादली उचलली आणि बाबांपुढे आदळली. जे पाहिलं ते बाबांच्या कानाशी सांगितलं, आजीला ऐकू जाणार नाही असं.

म्हणून अच्युत विचारत होता, चुकलं काय.

तो म्हणाला की पाळी आपली होती आणि आपण ती टाळली नाही, आजच्या दिवशीसुद्धा. दोन्ही संडास स्वतःच्या हाताने घासले. बादल्यांत शिळं पाणी होतं, ते ओतून दिलं. बादल्या धुऊन पालथ्या घातल्या. मग अर्थातच अंघोळ केली, कपडे पिळले, पुन्हा अंघोळ केली. अभिषेकाला तसंच बसायचं होतं का?

“किती पाणी घेतलंस?”

“मोजलं नाही बाबा.”

“तुझ्यानंतर कोण जाणार होतं आत?”

“ते मला कसं ठाऊक असणार?”

बाबांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. वीस वर्षांत मी त्यांना दोनदा रागावलेलं पाहिलंय. ही दुसरी खेप.

“दारावर काय लिहिलंय?”

अच्युतने घडाघडा म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही.

“पुन्हा म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज जरा खाली आला, पण मान खाली आली नाही. मला वाटलं होतं, बाबा आता त्याला फटकारतील. मी वाटच पाहत होतो, खरं सांगतो.



मध्ये अण्णाराव पुढे झाले. सज्जन माणूस, पण घड्याळाकडे लक्ष. म्हणाले, बाबा, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला, मुहूर्त टळतोय. पाण्याचंच असेल तर आम्ही उद्या पाच टँकर पाठवतो. आमच्याकडे नदी आहे, तिथे अच्युतमहाराजांना पाण्याची काय ददात?

‘अच्युतमहाराज’ ऐकलं आणि माझ्या तोंडात शिवी आली. गिळली.

बाबा उठले. काठी घेतली नाही. सरळ घागरीपाशी गेले, फडकं सोडलं आणि घागर कमरेवर घेतली. मी धरायला पुढे झालो तर असं बघितलं की मी जागीच थांबलो. दुसऱ्या हातात ती निळी बादली.

अच्युत पाटावर बसायला वळला. त्याला वाटलं, राग निवळला, आता अभिषेक. डोळे मिटून बसलासुद्धा.

बाबा त्याच्या बाजूने निघून गेले.

संडासाच्या दाराशी त्यांनी बादली सुलटी केली, आत ठेवली आणि घागर तिच्यात ओतायला लागले. आवाज ऐकून अच्युतने डोळे उघडले. धावला.

“बाबा, अभिषेकाचं पाणी आहे ते! संडासात?”

बाबा ओतत राहिले. बादली काठोकाठ भरली, घागर निथळली.

मग त्यांनी येसूआजीला हाक मारली. आवाजात एवढी माया होती की मघाचा माणूस हाच का, असं वाटावं.

“येसू, ये. हातपाय धू, सगळं धू. सावकाश. आतला एक थेंबही परत बाहेर आणायचा नाही.”

आजी उठली. एवढ्या पुरुषांपुढून जायचं म्हणून तिने सवयीने डोक्यावर पदर ओढला.

पदर पुरला नाही. कानापर्यंत आला आणि सुटला. तिने पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. मग तशीच उघड्या डोक्याने, खाली बघत, आमच्या सगळ्यांमधून गेली. इतक्या वर्षांत त्या बाईचं डोकं माळावर कुणी उघडं पाहिलं नव्हतं.

अच्युतने ते पाहिलं. 

आतून कडी लागली.

अण्णारावांनी टोपी काढून हातात घेतली.  शेवटी त्यांनी हळूच विचारलं, मग आमच्या गादीचं काय करायचं बाबा? दोन वर्षं रिकामी आहे.

“राहू दे रिकामी. गादी रिकामी राहिली म्हणून कुणी तासभर अडकून पडत नाही.”

अण्णारावांनी मान हलवली. माणसांना खूण केली. जीप सुरू झाली, वळली आणि उतार उतरून गेली. अच्युत तिच्याकडे बघत उभा. ज्याची एवढी वाट पाहिली ते धूळ उडवत निघून चाललं होतं. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

बाबांनी रिकामी घागर त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, कशासाठी ते त्याला कळलं नव्हतं.

“आणि मी, बाबा?”

“आत कोण आहे?”

“येसूआजी.”

“ती बाहेर आली की बादली रिकामी असेल.”

अच्युत मग म्हणाला, “मी भरली असती. पण नळ कोरडा आहे. टँकर उद्या येणार.”

आमच्या माळाला विहीर एकच, खाली ओढ्यात. जायला दीड कोस उतार, यायला दीड कोस चढ. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“घागर तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले. “आणि येताना कुणी तहानेलं भेटलं तर त्याला पाजून, परत खाली जा.”