रिकामा परत धाडलेला हात

फार वर्षांपूर्वी, सावरटेकच्या ओढ्यावर अजून पूल झाला नव्हता आणि गुरुवारच्या बाजाराला माणसं गुडघाभर पाण्यातून यायची, तेव्हाची ही गोष्ट. बाजाराच्या तोंडाशी भिवरा कासारणीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचाच पुढचा ओटा. त्यावर घोंगडी अंथरलेली, भिंतीला आरसा, आणि दाराच्या चौकटीला बांगड्यांच्या माळा टांगलेल्या. भिवरेचा नवरा रावजी गाढवावर काच लादून लांबून माल आणायचा आणि भिवरा बायकांच्या हातांत बांगड्या भरायची.

बांगड्या भरताना दुखतं, हे काय सांगायला हवं? अंगठ्याचं हाड दाबलं की डोळ्यांत पाणी येतं आणि एखादी बांगडी वाढतेच. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये याची आपल्याला फार काळजी. बाकी आपल्या तोंडातून काय काय जातं, ते पुढे ऐका.

पण भिवरेनं मनगट हातात घेतलं की हाड लोण्यासारखं मऊ व्हायचं, असं म्हणतात. बाई ओढ्याच्या पलीकडे दिसली, की अलीकडे हिनं तिच्या मापाच्या बांगड्या काढून ठेवलेल्या असायच्या. तिच्या ओट्यावर कधी बांगडी वाढली नाही, असंही म्हणतात. पंचक्रोशीतल्या नवरीमुलींचे लग्नचुडे तिच्याच हातचे असायचे, आणि भिवरेला त्याचा तोरा होता.

त्याच गावात ठकूबाई नावाची म्हातारी होती. तिचा धनी बाजाराला बैल घेऊन गेला तो वाटेतच तापानं गेला, त्याला खूप पावसाळे लोटले होते. तेव्हापासून तिचे हात रिकामे होते. मग म्हातारपणी तिचं ध्यान सुटायला लागलं. आधी चुलीवरचं विसरायची, मग सुनेचं नाव, मग आपली गल्ली. लोक म्हणाले, म्हातारचळ. एवढा एक शब्द टाकला की पुढे कुणाला काही करावं लागत नाही.

एका गुरुवारी ठकूबाई भिवरेच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला.

"भर गं भिवरे, हिरव्या. धनी याचे हायती बाजारावनं. रिकाम्या हातानं कशी म्होरं जाऊ?"

ओट्यावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. भिवरेनं तेच सांगितलं, जे तुम्ही-आम्ही सांगितलं असतं.

"आत्याबाई, असं काय करता? तुमचं मालक जाऊन किती वर्सं झाली! तुमाला कसल्या आता बांगड्या?"

खरं होतं ते. अगदी खरं. पण ठकूबाईनं ते पहिल्यांदाच ऐकलं. तिचा चेहरा पडला, तिनं हंबरडा फोडला आणि दोन्ही मनगटं ओट्याच्या दगडावर आपटली. नवरा गेला की बायका आपटतात तशी. फोडायला हातांत बांगडी नव्हती, म्हणून नुसतं कातडं सोललं. सून धावत आली आणि तिला धरून घेऊन गेली.

पुढच्या बाजाराला ठकूबाई परत आली. मनगटावर खपली होती, आणि ती कशाची हे तिला ठाऊक नव्हतं. तोच हात पुढे, तेच बोलणं. या खेपेला भिवरेनं तोंड उघडायच्या आधीच दुसरीनं सांगून टाकलं. पुन्हा तोच हंबरडा. त्याच्या पुढच्या बाजाराला तिसरीनं सांगितलं. मग तर बायका वाटच बघायला लागल्या. म्हातारी आली की कोपरानं ढोसायच्या, तू सांग, तू सांग. एका नवऱ्याची ती बिचारी किती वेळा रांडव झाली, आणि तेही भर बाजारात! मला हे सांगताना आजही संताप येतो. त्या बायका काही राक्षसिणी नव्हत्या. घरी जाऊन तुळशीला पाणी घालणाऱ्याच होत्या.

भिवरेला ते बघवेना. पण तिनं त्यांची तोंडं धरली नाहीत. गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती.

मग लग्नसराई आली. पाटलाच्या लेकीचा चुडा भरायचा होता. पाटलीणबाई लेकीला आणि आयाबायांना घेऊन ओट्यावर आल्या, आणि बघतात तो मधोमध ठकूबाई हात पुढे करून बसलेली.

"भिवरे, आधी हिला उठव," पाटलीणबाई म्हणाल्या. "पोरीच्या चुड्याला हिची सावली नको."

भिवरेनं त्या दिवशी म्हातारीला नवऱ्याचं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, आपण दया करतोय. तिनं पुढे आलेला तो हात धरला, मिटवला आणि परत म्हातारीच्या मांडीवर ठेवला. "आत्याबाई, उद्या या. उद्या भरते." मनात म्हणाली, हिच्या कुठं ध्यानात राहतंय?

तिथंच भिवरा चुकली. ठकूबाई 'उद्या' विसरली, पाटलीण विसरली, ओटाही विसरली. पण आपल्याला उठवलं आणि आपला हात रिकामा राहिला, हे मात्र विसरली नाही. ज्याचं ध्यान जातं त्याचं दुखणं जात नाही. ती ओट्यावरून उतरली आणि दुसरा कासार शोधत निघाली. सावरटेकला दुसरा कासारच नव्हता.

गाव लग्नात होतं. सुनेनं हाका मारल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ठकूबाई सापडली ती दुसऱ्या दिवशी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजाच्या सावलीत. निजल्यासारखी दिसत होती, पण जीव नव्हता. तिनं काठचं हिरवं गवत पिळून दोन्ही मनगटांवर बांधून घेतलं होतं, कोपरापर्यंत. असं म्हणतात, की ती उचलून आणली तेव्हा त्या गवताचा काचेसारखा आवाज येत होता. भिवरेनं तो ऐकला आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर भिवरेचं दुकान बरेच बाजार बंद राहिलं. उघडलं तेव्हा लोकांना ओळखू येईना. चौकटीवरच्या झगमगत्या माळा तिनं उतरवल्या होत्या, कारण त्यांच्या किणकिणाटानं आणि चकचकाटानं म्हातारी माणसं बावरतात. आरशावर फडकं टाकलं होतं, कारण आरशातली म्हातारी कोण, म्हणून एक आजी घाबरली होती. उंबरा काढून टाकला. दाराला गेरू फासला, लांबून कळावं म्हणून. आणि ओट्याच्या सावलीकडच्या अंगाला एक जागा मोकळी ठेवली. ज्याचं ध्यान सुटलंय त्यानं तिथं बसायचं, हवं तेवढा वेळ. भिवरा त्याला नाव विचारायची नाही, 'मला ओळखलंत का' विचारायची नाही. पाणी द्यायची, हात हातात घ्यायची आणि माणूस जे बोलेल तेच पुढं न्यायची. कुणी म्हातारी म्हणाली, धनी यायचेत, तर ही विचारायची, धन्याला काय आवडतं जेवायला? मग म्हातारी हसून सांगत बसायची आणि भिवरा तिच्या हातांत हिरव्या बांगड्या भरायची. एक म्हातारे बाबा बायकोसाठी बांगड्या न्यायला यायचे. बायको कधीच वारली होती. भिवरा त्यांना बोटांनी माप दाखवायला सांगायची आणि त्या मापाच्या बांगड्या कागदात बांधून द्यायची.

गाव खवळलं. विधवेला हिरवा चुडा भरते म्हणजे काय? चावडीवर बोलावणं आलं. रावजी म्हणाला, "हात जोड आणि मोकळी हो." भिवरेनं हात जोडले, पण बोलली ते वेगळंच.

"देवानं ठकूआत्याचा धनी एकदा नेला. आपण किती वेळा नेला? ते आधी मला सांगा, मग मी दुकान बंद करते."

दुकान चालू राहिलं. पण लग्नाचे चुडे दुसरीकडे गेले ते गेलेच. भिवरेनं तोरा सोडला आणि भाकरीला मीठ लावून दिवस काढले.

असं म्हणतात, की तिनं भरलेल्या बांगड्यांना घराची वाट कळायची. ध्यान सुटलेली बाई आडवाटेला लागली की बांगड्या मुक्या व्हायच्या आणि घराकडे वळली की वाजायला लागायच्या. एकदा दाट धुक्यात एक आजी नुसत्या आवाजामागं चालत दोन डोंगर ओलांडून आपल्या दारात आली. लांबलांबून लोक आपल्या आईला, आत्याला भिवरेकडे आणायला लागले. भिवरेला कुणी हात जोडले की ती तोंड फिरवायची. "माझ्याकडनं एक हात रिकामा गेलाय," एवढंच म्हणायची.

भिवरा गेली तेव्हा रावजी होता. म्हणजे ती सवाष्ण गेली. सवाष्णीला हिरवा चुडा भरून, मळवट भरून नेतात. बायका तो चुडा घेऊन बसल्या होत्या. पण तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. "माझे हात मोकळे ऱ्हाऊ द्या. ठकूआत्याच्या मापाच्या तेवढ्या मुठीत द्या. दिसल्या तर भरीन त्यांना." तसंच केलं. दुसऱ्या दिवशी राख सावडली, तर राखेत काचेचा कण सापडला नाही. लोक म्हणतात, बांगड्या पोचल्या. पोचल्या असतील. माझं मन काही मानत नाही. वेळेला एक हात धरला नाही की मग मुठी भरभरून नेल्या तरी त्याची भरपाई होत नसते.

सावरटेकला आता पूल आहे, बाजारात दुकानं पुष्कळ आहेत. पण भिवरेच्या नावानं एक रीत अजून चालते. गुरुवारी कासार दुकान उघडतो आणि आधी नुसता आपला हात पुढं करून बसतो. ध्यान सुटलेलं कुणी आलं तर पहिला मान त्याचा. मग समोर लग्नाचा चुडा असला तरी नवरी थांबते, नवरीची आई थांबते, आणि तोंड वाकडं करायची कुणाची छाती होत नाही. न्हाव्याकडे, तेलाच्या घाण्यावर, चहाच्या टपरीवरही हेच. प्रत्येकाकडे सावलीला एक जागा मोकळी असते. आणि बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "आमचे धनी आले का गं बाजारावनं?" तर दुकानातलं लहानथोर जे कुणी असेल ते एकच सांगतं, "वाटेत हायती. बसा तवर."

ठकूबाईला एवढं कुणीच म्हटलं नाही.